पहिल्या आठवड्याचा विद्यार्थी

डेल्मर ऑस्टबी सहा वर्षं कॉलेजात जात होता आणि तरी त्याला तिथलं काही येत नव्हतं, कारण दर वर्षी तो पहिल्या आठवड्यापुरताच जायचा.

केलर फॉल्सची कागद गिरणी बंद पडली, डेल्मर घरी बसला, आणि गावातल्या कॉलेजात म्हाताऱ्यांना जवळपास फुकट बसू देतात हे त्याच्या बायकोला, आयनेझला, कुठूनसं कळलं. तिला दिवसातून थोडा वेळ तरी घर मोकळं हवं होतं. "जा, शीक काहीतरी," ती म्हणाली. डेल्मर गेला आणि शुक्रवारी नाव काढून परत आला. पण रिकाम्या हाताने आला नाही. तत्त्वज्ञानाचा मास्तर अनवाणी येतो आणि टेबलावर मांडी घालून बसतो, ही बातमी त्याने आणली. दुसऱ्या दिवशी हॉलग्रेनच्या हॉटेलात त्याने तसं बसूनही दाखवलं. लोकांच्या नाकातून कॉफी आली.

झालं! त्याला धंदा सापडला. पुढच्या वर्षी स्पॅनिशची बाई, जी मुलांना लोकरीचा गुंडा एकमेकांकडे फेकायला लावून नावं विचारायची. मग इतिहासाचा मास्तर, ज्याचा अर्धा तास कॉम्प्युटर पडद्याला जोडण्यातच गेला. शुक्रवारपर्यंत नाव काढलं की प्रगतिपुस्तकावर डाग लागत नाही, आणि डेल्मरला आठवडाभराचा माल पुरायचा. शितावरून भाताची परीक्षा करणारे पुष्कळ असतात. डेल्मर झाकणावरून करायचा.

या वर्षी त्याने संख्याशास्त्र घेतलं. मंगळवारी संध्याकाळचा वर्ग. मास्तर असेल तिशीचा, अंगात टोपीवाला सदरा, केसांचा मागे बुचडा.

"मला सर वगैरे नको," तो म्हणाला. "नुसतं ब्रेंट म्हणा."

डेल्मरचा चेहरा उजळला. पहिल्याच वाक्याला माल!

मग ब्रेंटने प्रत्येकाला विचारलं, की तुम्ही भाजी असता तर कोणती असता? आणि या लोकांनी खरोखर उत्तरं दिली. एक पोरगी स्वतःला पालक म्हणाली आणि कारणही सांगत बसली. डेल्मरने "सलगम" म्हणून टाकलं. त्याच्या मागच्या बाकावर हॉलग्रेनच्या हॉटेलातली रोझलिन कूपमन होती, थेट कामावरून आलेली, अंगाला तळलेल्या कांद्याचा वास. ती म्हणाली, "मी दिवसभर भाज्याच चिरते. पुढे चला."

त्यानंतर ब्रेंटने वर्गाच्या नियमांचा कागद वाटला आणि तोच कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला, जणू समोर आंधळ्यांची शाळा भरली होती. आणि शेवटी, अगदी दाराशी, घसा खाकरून म्हणाला, "आपण फार थोडे आहोत. शुक्रवारपर्यंत आणखी एक जरी गळला, तरी ऑफिस वर्ग बंद करेल. तर... बघा, जमलं तर राहा."

दुकानदार गिऱ्हाइकाच्या पाया पडतोय, असं डेल्मरच्या मनात आलं. हे तर सगळ्यात झकास होतं.

बुधवारी सकाळी हॉटेलात खुर्च्या आधीच त्याच्याकडे वळलेल्या होत्या. गिरणीतला जुना सोबती लॉइड म्हणाला, "काढ लेका, काढ. काय मिळालं?"

डेल्मरने कागदी रुमालाचा बुचडा डोक्यामागे धरला. ब्रेंट झाला. पालक झाला. कागद वाचला. शेवटी हात जोडून, गळा काढून म्हणाला, "जमलं तर राहा हो! मायबाप, राहा!"

लॉइड टेबल बडवत होता. "आणि नाव कधी काढतोस?"

"आजच. घरी गेलो की."

रोझलिन कॉफीची किटली घेऊन उभी होती. तिने ती लॉइडच्या पुढ्यात ठेवून दिली.

"नका काढू, डेल्मर."

"का? भाजी आवडली तुला?"

"मागच्या वर्षी केमिस्ट्री घेतली होती तुम्ही. बाईंच्या चष्म्याची दोरी इथे नाचवून दाखवलीत. आठवतं?"

"हो तर!" लॉइडच म्हणाला आणि हसायला लागला. बाकी कोणी हसलं नाही.

"तुम्ही शुक्रवारी नाव काढलंत आणि सोमवारी वर्ग बंद. शेवटचे गळलेले तुम्ही. मी होते त्या वर्गात."

"तू? कुठे?"

"तुमच्या मागेच. मग केमिस्ट्रीसाठी मी सगळा हिवाळा लांब डुलुथच्या कॉलेजापर्यंत गाडी हाकली, बर्फातनं. ती गाडी आता मेलीय. नर्सिंगला माझा एवढाच विषय राहिलाय. हा वर्ग बंद झाला, तर तिथली माझी जागा दुसऱ्या कुणाला जाईल."

डेल्मरने कपात पाहिलं. कप रिकामा होता आणि किटली लॉइडपुढे.

"मला काय ठाऊक," तो म्हणाला. "तेव्हाच सांगायचंस."

"पाहुण्यांना काय सांगायचं? पहिला आठवडा जेवून जाणारे तुम्ही."

"बरं, बरं. शुक्रवारपर्यंतच राहायला हवं ना?"

"तेवढं पुरे. पुढे तुम्ही याल असं इथे कुणाला वाटतंय?"

तिने सरळ खुर्च्यांकडे पाहिलं. कुणीच हात वर केला नाही. लॉइडसुद्धा साखर ढवळू लागला, कपात साखर नसताना.

डेल्मर घरी जाऊन आयनेझपुढे बराच तडकला. ती रोझलिन काय समजते, मी काय घाबरतो की काय? आयनेझ मटार सोलत होती. "नाही रे," ती म्हणाली. "घाबरायला आधी दुसरा आठवडा बघावा लागतो."

शुक्रवार गेला. डेल्मरने नाव काढलं नाही. वर्ग राहिला. आणि निव्वळ ईर्ष्येपोटी तो पुढच्या मंगळवारी पुन्हा जाऊन बसला.

दुसऱ्या आठवड्यात भाज्या नव्हत्या. बुचडा तोच होता, पण ब्रेंट फळ्यावरून वळेचना. त्याने आकड्यांचा डोंगर रचला, तो फोडून दाखवला, आणि शेवटी छोटी परीक्षा घेतली. पालक म्हणवणारी पोरगी झराझरा लिहीत होती. डेल्मरने पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, इतकं खोडलं की कागदाला भोक पडलं. मग त्या भोकातून त्याला बाकाचं लाकूड दिसत राहिलं.

बुधवारी हॉटेलात तो उशिरा गेला. खुर्च्या तरीही वळलेल्याच होत्या.

"काय रे, बुचड्याने काय केलं?" लॉइडने विचारलं.

"काही विशेष नाही."

"मी सांगते ना," रोझलिन म्हणाली. तिने कागदी रुमाल टेबलावर पसरला, जीभ दातांत धरली, नाक कागदाला टेकवलं आणि बोटाने असं घासायला लागली, घासत राहिली, की रुमाल फाटून बोट आरपार गेलं. मग त्या भोकातून तिने एका डोळ्याने लॉइडकडे पाहिलं.

लोकांच्या नाकातून कॉफी आली. डेल्मरच्या मानेवर लाली चढली ती कानांपर्यंत गेली.

"विषयातच दम नाही," तो म्हणाला. "असल्या आकड्यांचं करायचंय काय?"

"घरचा अभ्यास केलात?"

"तिसरा प्रश्न चुकीचा छापलाय."

"नाही छापलेला. आणा इकडे."

डेल्मरने खिशातून आधी घडी केलेला कागद काढला आणि मग, इकडेतिकडे बघून, नवीकोरी पेन्सिल. लॉइडची नजर पेन्सिलीवर गेली, आणि हसायला त्याला तेवढंही पुरलं.