कोरडी गोधडी

उन्हाळ्यात मोखाड्याकडच्या आमच्या विहिरी तळ दाखवतात. ज्या वर्षी टँकरही नीट येईना, त्याच वर्षी आईचा लघवीवरचा ताबा गेला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. तिचं विसरणं आधीच सुरू झालं होतं. मला ती कधी बहीण समजायची, कधी शेजारीण. डॉक्टरांनी औषध दिलं, म्हणाले, थोड्या थोड्या वेळाने संडासात नेऊन बसवा. तिथे ती नुसती बसून राही, आणि अंथरुणावर आली की भिजवी. डायपर ओढून काढी. शेवटी जुन्या लुगड्यांच्या घड्या, खाली मेणकापड आणि रोज धुणं. धुताना माझ्या तोंडाचा पट्टा चालूच असे. वहिनी म्हणायची, "ताई, आधी तुमची जीभ घाला वाळत."

आईला मात्र ती लघवी वाटतच नसे. तिच्या मते हंडा कलंडलेला असे. कोवळ्या वयात या घरात आली तेव्हापासून ओहोळाच्या वाळूत खड्डा उकरून, वाटीवाटीने हंडा भरून तिने पाणी आणलं होतं. ओली गोधडी हाताला लागली की ती अंग चोरून घ्यायची.

"पानी सांडला. सासू मारंल मना."

"आये, सासू कवाच मेली तुझी."

ती दाराकडे बघायची. "हळू बोल. ती आयकते."

भरदुपार असायची, तरी मीही दाराकडे बघायचे.

मग एका सकाळी गोधडी कोरडी निघाली. वहिनी म्हणाली, "देव पावला!" दुसऱ्या दिवशीही कोरडीच. औषध लागू पडलं, असं भाऊ ठाण्याहून फोनवर म्हणाला. मलाही हायसं वाटलं, पण आई फार गप्प झाली होती आणि ते मला आवडत नव्हतं. ओठांना भेगा पडल्या होत्या. हाक मारली तर डोळे उघडायची, पण बघायची नाही.

त्या दुपारी मी तिच्या हातात पाण्याचा पेला देऊन बाहेर गेले. परत आले तर ती भिंत धरून माठापाशी उभी. घाससुद्धा धड तोंडापर्यंत न नेणारा तिचा तो हात. तिने झाकण सरकवलं आणि पेला माठात रिकामा केला, एक थेंब न सांडता. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आज नाय सांडला ना?"

 मी तिच्या दंडाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर कातडीची घडी तशीच उभी राहिली; अंगात पाणीच उरलं नव्हतं.

शेजाऱ्याची जीप मिळाली. जव्हारच्या दवाखान्याच्या वाटेवर तिला मांडीवर घेऊन मी चमच्याने पाणी पाजू लागले. तिने दात घट्ट आवळले. शेवटी मी खोटं बोलले, "आये, सासूनंच सांगितला, पी."

ती दचकली. "ती पन बसलीय गाडीत?" म्हणाली आणि रडायला लागली. डोळ्यांतून मात्र काहीच येत नव्हतं.

"आये, भिजव मना," मी तिच्या कानाशी म्हणत होते. "कोनी नाय मारत. भिजव." प्रत्येक वळणाला मी तिच्याखाली हात घालून बघत होते. जव्हार आलं तरी लुगडं कोरडंच होतं.