शमीमबीचं नाक आणि नदीकाठची रानलसूण

नजमा, अशी जवळ ये. लांबूनच ‘हो काकू, बघते काकू’ नको करूस. तुझी अम्मी, आमची शमीमबी, जाऊन दोन महिने होत आले, आणि चाळिसावं झाल्यावर तू नागपूरची बस धरलीस ती धरलीसच. एवढं काय बाई काम? फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून पेपरच्या पुरवणीतून बोलते. चार लोकांनी वाचलं तर वाचू दे. शमीमबी कोण होती ते त्यांनाही कळेल.

पोळा होऊन चार दिवस झाले होते. मी नदीवरून लसणाची पात कापून आपल्या सावली गावात तुमच्याच घरी निघाले होते. चौकात तुझा भाऊ सायकलवरून उतरला आणि म्हणाला, “काकू, अम्मी गई...” माझ्या हातात तिला दाखवायची जुडी तशीच. घरी येऊन ती उकिरड्यावर टाकली. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या चुलीवर पात चढली नाही.

ही पात म्हणजे वैनगंगेच्या उंच काठावरची. कोण्या वाडीवाल्यानं सोडून दिलेली लसूण तिथं रानासारखी माजली, म्हणून आम्ही तिला रानलसूणच म्हणतो. पण तिच्यातच कोलकांदाही उगवतो. कोवळ्या पानांत फरक कळत नाही. वैद्याच्या हाती कोलकांदा औषध असेल. भाजीत गेला तर आधी उलट्या, मग काळीज ठोके चुकवतं.

तू तेव्हा पाचवीत होतीस. माझी सून बाळंतीण होती. बाळंतिणीला लसूण चांगली, म्हणून मी टोपलंभर पात आणली. एकेक पान चुरगळून, हुंगून आणली हं! तुझी अम्मी बाळ बघायला आली आणि टोपल्यापाशीच बसली. एक पान उचलून म्हणाली, “हे काय वं?”

“लसूण. काऊन? वास घेऊन पाह्यला ना मी.”

“चुलीतली राख घे, हात घास, धू. आता घे वास.”

घेतला. काहीच नाही! नुसतं हिरवं गवत.

“ताई, वास पानाले नाई, तुह्या बोटाले हाय,” ती म्हणाली. “पयलं पान लसणाचं. मंग बाकी सारे त्याच्याच वासावर पास!”

मी टोपलं चुलीपासून लांब ओढलं. सुनेसाठी ती पात चुलीवर चढायची तेवढी बाकी होती...

तेव्हापासून गावातल्या बायांची पात शमीमबीच्या नाकाखालून जायची. राखेची वाटी शेजारी. एक पान, मग राख, मग दुसरं पान. तुझे अब्बा बाजारात अत्तर विकायचे आणि ही ईदलाही हाताला अत्तर लावू द्यायची नाही. ते चिडायचे, “लोग क्या कहेंगे? अत्तरवाल्याचीच बायको अशी!” ही हसायची, “माह्या नाकाले ड्युटी हाय.”

शाळेच्या प्रयोगशाळेत ती काचेची भांडी धुवायची, आणि मधल्या सुट्टीत मुलांची रसायनशास्त्राची पुस्तकं वाचायची. तिनंच मला सांगितलं, की अख्ख्या पानाला तसा वास नसतोच. गंधकाचा एक पदार्थ पानात एका खोलीत, त्याला फोडणारं दुसरं शेजारच्या खोलीत, मध्ये भिंत. पान चेचलं की भिंत पडते, दोघं भेटतात आणि अ‍ॅलिसिन तयार होतं. वास त्याचाच, जंतूंना आवरायचा गुणही त्याचा. “म्हणून चेचून थोडी थांबत जा, ताई. लगेच उकळत्या वरणात टाकशील तर त्याहीची भेटच होत नाई.” आमचे हे रक्तदाबाची गोळी सोडून नुसती पात खायला निघाले, तेव्हा मात्र ओरडली, “भाऊ, हे भाजी हाय. डॉक्टर नोहे!”

गेल्या आठवड्यात शेजारच्या तिघी जुड्या घेऊन माझ्या दारात. “काकू, आता तुम्हीच पाहा.” मी? जिनं टोपलंभर विष घरात आणलं ती? पण वाटीत राख घेतली. एक पान, राख, पाणी. दुसरं पान, राख, पाणी. दुपार गेली. तीन पानं मुकी निघाली, वासच नाही. पुन्हा हात धुतले, पुन्हा हुंगली. मुकीच. ती फेकली आणि उरलेली पात चेचून ठेवली. थोडं थांबलो, मग वरणात घातली. आधी मी खाल्लं. मग सगळ्यांनी, माझ्या सुनेनंही. तिचा तेव्हाचा तान्हा आता मिशा फुटलेला. तो तर दोनदा वाढून घेऊन गेला.

पण माझं नाक साठीचं आहे, नजमा. किती दिवस पुरेल? तुझं नाक अम्मीचं आहे. लहानपणी डोळे मिटून अब्बांच्या कुप्या ओळखायचीस तू. ती राखेची वाटी मी दाराशी ठेवली आहे, उचललेली नाही. थंडी वाढायच्या आत ये बाई. एक दिवसासाठी ये, पण ये. आणि येताना हाताला अत्तर लावू नकोस.