साखळीतला पाचवा

डांबरी रस्त्यावर खड्डा खणता येत नाही, म्हणून कलेक्टर कचेरीसमोरचा आंदोलनाचा मांडव वाळू भरलेल्या डब्यांवर उभा राहतो. डब्यांत लोखंडी पाईप, पाईपांवर ताडपत्री, खाली सतरंजी. हे काम मी कोल्हापुरात शिकलो. माझं गाव भंडाऱ्याच्या बाजूला, म्हणजे महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला. आठवीत शाळा सुटली, आणि फिरत फिरत इथल्या एका मांडववाल्या मालकांकडे लागलो. ओळखपाळख नसताना त्यांनी गोदामावरची खोली राहायला दिली, हे मी विसरणार नाही. फक्त त्या खोलीत बोलायला कुणी नव्हतं. दुपारी आईचा फोन यायचा. "जेवला का रे बाबू?" मी म्हणायचो, जेवलो. जेवलो असेन-नसेन, उत्तर तेच.

कचेरीसमोर मांडव घातला की राखणीलाही मीच. तिथं मी सरकारवरचा सगळ्या प्रकारचा राग ऐकला. माईकवर "हॅलो, हॅलो, वन टू थ्री" एवढं माझं भाषण. ते झालं की मी स्पीकरच्या मागं जाऊन बसायचो. लोक येत, ओरडत, निवेदन देत, घरी जात. घरी जाणाऱ्यांचा मला हेवा वाटायचा.

त्या वर्षी शिरोली एमआयडीसीतला एक ओतकामाचा कारखाना बंद पडला आणि त्याचे कामगार साखळी उपोषणाला बसले. रोज पाच जणांनी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच उपाशी बसायचं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पाचांनी. त्यांचं म्हणणं असं, की बंद कारखाना आम्हालाच चालवायला द्या. इथं साखर सहकारी, दूध सहकारी, मग लोखंड का नाही? ही कल्पना एका म्हाताऱ्या कारागिराची. लाकडी साचे करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. सगळे त्यांना चाचा म्हणत.

बिद्रीकडचा एक मिशीवाला कामगार त्यांना रोज डिवचायचा. "चाचा, सहकार म्हंजे काय ठावं हाय न्हवं? आदी संचालक निवडायचं, मग त्यास्नी गाडी घ्यायची, आनि उरलंच कायतर तर कारखाना!"

"म्हणून तर तुला संचालक करत न्हाई मी," चाचा म्हणायचे, आणि मांडव हसायचा. मीही हसायचो, स्पीकरमागं.

दिवस गेले तशी माणसं पांगायला लागली. कुणाला दुसरीकडं काम लागलं, कुणाला घरच्यांनी अडवलं. एके दिवशी दहा वाजले तरी चौघंच. चाचा सारखे रस्त्याकडं बघत होते. बंदोबस्ताचा पोलीस रोज दहाला येऊन डोकी मोजायचा आणि वहीत लिहायचा.

"चार लिवलं की साखळी तुटली," चाचा म्हणाले. "तुटली की साहेब म्हणणार, आंदोलन संपलं." मग त्यांची नजर माझ्यावर आली. "पावणं, सकाळपास्नं काय खाल्लंयस?"

"चहा."

"चहा चालतोय. ये, बस."

मला वाटलं, मालक काढून टाकतील, पोलीस नाव घेतील, खोली जाईल. मी मालकांना फोन लावला. ते म्हणाले, "बस की! मांडव राखायचाच हाय, आत बसून राख."

मी सतरंजीवर पाचवा बसलो. पोलिसानं पाच लिहिलं. चाचांनी उपोषणाची वही पुढं केली, नाव आणि गाव लिहायला. गाव वाचून ते माझ्याकडं बघतच राहिले. "एवढ्या लांबनं आलायस व्हय? इतके दिवस बोलला न्हाईस."

इतक्या दिवसांत कुणी विचारलंही नव्हतं. त्यांच्यात रीत होती, की बसणाऱ्यानं दिवसाच्या निवेदनात आपली एक मागणी सांगायची. माझी काय मागणी असणार? शेवटी म्हणालो, "घरापासून सायकलनं जाऊन संध्याकाळी परत येता येईल, एवढ्या अंतरावर काम पाहिजे. सगळ्यांना."

"आरं, ही सायकलची मागणी झाली का कामाची?" मिशीवाला फिसकन हसला.

चाचा हसले नाहीत. त्यांनी कागद ओढला आणि संपाच्या कायमच्या तीन, बाकी चौघांच्या चार, त्यांच्याखाली आठव्या नंबरला माझं वाक्य जसंच्या तसं लिहिलं.

तेवढ्यात आईचा फोन. "जेवला का रे बाबू?"

उपोषणाला बसून खोटं कसं बोलायचं? "नाही," मी म्हणालो.

"काहून? मालकानं काढलं का?"

"नाही आई. सरकारसाठी उपाशी आहे."

"सरकारनं तुझं जेवण खाल्लं का रे?" ती रडायलाच लागली. चाचांनी माझ्या हातातून फोन घेतला. "आई, पाचला सुटतोय त्येचा उपास. मी स्वता घरी न्हेऊन जेवायला घालतो."

आणि घातलं. त्यांच्या बायकोनं गरम भाकरी वाढली, वर विचारलं, "अजून एक?" कोल्हापुरात आल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी मान खाली घालून चार खाल्ल्या.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी तिघंच आले. मी न बोलवता जाऊन बसलो. तरी चारच. पोलिसानं चार लिहिलं. दुपारी मालकांचा निरोप आला, वारणानगरला लग्न आहे, मांडव सोड. ज्या गाठी मी मारल्या होत्या त्या मीच सोडल्या. पाईपाचं दुसरं टोक चाचांनी धरलं. मग त्यांनी निवेदनाची झेरॉक्स माझ्या खिशात घातली. ती अजून माझ्या पेटीत आहे. वर कचेरीच्या पोचेचा निळा शिक्का, खाली आठ नंबर. उत्तर आलं नाही. चाचा नंतर मुलीकडं राहायला गेले असं ऐकलं.

आई अजून दुपारी फोन करते. पण आता मी तिला खरं सांगतो. परवा म्हणालो, "नाही जेवलो."

तिनं विचारलं, "आज कोणासाठी?"

"कुणासाठी नाही आई. एकट्यासाठी स्वयंपाक करावासा वाटला नाही."

"भात तरी टाक," ती म्हणाली, "मी फोन चालूच ठेवते." मी उठून तांदूळ धुतले.