गप्पीदास इलो

बोरीवलीला आमच्या सोसायटीमागच्या प्लॉटवर पावसाळ्यात कमरेएवढं गवत वाढतं. पाऊस सरला की त्या गवतावर दूर उत्तरेकडून गप्पीदास येतो. चिमणीपेक्षाही लहान, केशरी छातीचा. शेजारच्या बिल्डिंगमधली एक बाई रोज सकाळी त्याची वाट बघत उभी असते. गाऊनवर ओढणी, हातात चहाचा कप. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

यंदा दसरा झाला तरी पक्ष्याचा पत्ता नव्हता. आमच्या सेक्रेटरींनी गवत कापायला माणूस बोलावला, तर बाई थेट त्याच्या मशीनसमोर उभी.

"मॅडम, तुमचा पक्षी काय येत नाही आता. डासांनी वाट लागलीय आमची!" सेक्रेटरी करवादले.

"पाऊस उशिरा गेला, तो पण उशिराच येतलो. गणपतीत चाकरमान्यांची गाडी लेट झाली, म्हणून गावात कोण दाराला कडी घालतं काय?"

सेक्रेटरी मूळचे कणकवलीचे. त्यांनी मशीन परत पाठवलं.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी खालून आरोळी आली, "इलो रे इलो!" मी धावत खाली गेले. सगळ्यात उंच काडीवर गप्पीदास शेपटी उडवत ऐटीत बसला होता. बाईने कप आरतीच्या ताटासारखा वर धरला होता आणि चहा ओढणीवर सांडत होता. शेजारी बनियनवर धावत आलेले सेक्रेटरी तिलाच दटावत होते, "हळू हो बाई, आपला पाहुणा उडेल ना!"