जाळीपलीकडचं तिकीट

वर्धा-नागपूर अपडाऊन कसं करावं, हे मला विचारावं. फलाटावर भांबावलेला नवा माणूस दिसला की मी न विचारताच शिकवायला लागतो, ही माझी खोड आहे. घड्याळाखाली उभे राहू नका, तिथं गर्दी असते. पाण्याच्या नळाच्या पुढे या, डबा बरोबर समोर येतो. जाताना डाव्या बाजूला बसा आणि येतानाही डाव्याच बाजूला, म्हणजे दोन्ही वेळेस ऊन दुसऱ्याच्या तोंडावर. बॅग मांडीवर घ्या. उतरायची तयारी अजनीलाच सुरू करा. एवढं सगळं सांगत आलो, पण 'तिकीट आधी काढा' हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. हे काय सांगायचं?

आमच्या डब्याचा एक भाग बायकांचा आहे. मध्ये भिंत, खाली पत्रा, वर जाळी. जाळीला तिकडून पिशव्या आणि ओढण्या लटकलेल्या असतात, त्यामुळे दिसत फारसं नाही, ऐकू मात्र सगळं येतं. जाळीच्या अलीकडे आमचा कंपू बसतो: बँकेतले, कोर्टातले, एक कॉलेजातले. किस्से सांगायचं खातं माझ्याकडे. बहुतेक किस्से समुद्रपूरकडच्या आमच्या गावाचे, आणि त्यातही आईबापाचे. वडील आता नाहीत. आई वर्ध्याला माझ्याकडे असते.

सगळ्यात चालणारा किस्सा सापाचा. कपाशीच्या पऱ्हाटीत फणा काढलेला नाग निघाला, आई ओरडत बैलबंडीवर चढली आणि वडिलांनी फावड्यानं एका घावात त्याला ठार केलं. बंडीवर चढलेल्या आईची नक्कल मी अशी करतो, की झोपलेलेही उठून बसतात.

त्या दिवशी हाच किस्सा सांगून झाला होता. सेलू मागे पडलं आणि जाळीपलीकडे आवाज वाढले. तिकडे टीसी बाई आल्या होत्या.

"आजी, हे आधार कार्ड आहे. तिकीट दाखवा."

"हेच दाखवते मी. पंचाहत्तरीच्या वर हाय. फुकट हाय आमाले."

"ते एसटीत, आजी. ही रेल्वे आहे."

आमच्याकडे हशा पिकला. "एसटी फुकट झाल्यापासून म्हाताऱ्यांना घर खायला उठते," मी चांगलं मोठ्यानं म्हणालो. त्यावर आणखी हशा.

"मले वाटलं, इथंही कंडक्टर येईन, कार्ड पाहीन. कोणी आलंच नाई. माह्या मनात चोरी नाई, बाई." मग आवाज खाली आला. "माहा पोरगा पलीकडेच बसला हाय. त्याले नोको सांगू."

आवाज ओळखीचा वाटला. पण समुद्रपूरकडच्या सगळ्याच म्हाताऱ्या अशा बोलतात, असं मी स्वतःला समजावलं. आई घरी होती. बायको सकाळच्या शाळेवर गेल्यावर मला डबा देऊन दार आईनंच लावलं होतं. तरी मी उठून उभा राहिलो, जाळीतून एक पिशवी बाजूला सारली आणि पाहिलं.

आईच होती.

कोणीतरी विचारलं, "कोण आहे?" मला "माझी आई" एवढंही म्हणता येईना. गाडी चालू, पलीकडे जायला वाट नाही. सिंदी येईपर्यंत मी तसाच जाळीला धरून उभा राहिलो, आणि आई समोर असून माझ्याकडे पाहत नव्हती. हातातलं आधार कार्ड ती पदरानं पुसत होती.

सिंदीला मी धावत त्या दाराशी गेलो. दंड भरला. टीसी बाईंनी पावती देताना आईला हात धरून उतरवलं. भल्या होत्या त्या. गाडी निघून गेली आणि आम्ही दोघं फलाटावरच्या बाकावर बसलो. ऑफिस बुडालं ते बुडालं.

"कुठं चालली होतीस?" मी ओरडलोच.

"इथंच. सिंदीले."

"सिंदीत कोण आहे आपलं?"

"कोणी नाई. इथं उतरते, समोरची गाडी आली का वापस जाते."

म्हणजे ही पहिली खेप नव्हती! हे कधीपासून चाललंय, विचारलं तर म्हणाली, "पोळ्यापासून. तू निघाला का तुह्यामागं ऑटोनं. तू नळापाशी, मी घड्याळाखाली. तिकडं तू पाह्यत नाईस."

"पण काऊन, माय?"

तिनं आधार कार्ड पदराच्या गाठीत बांधलं. "घरी तू बोलत नाईस. येतं, जेवतं, मोबाईल पाह्यतं, झोपतं. एक दिवस देवळातल्या बाईसंग सिंदीले आलती, तं जाळीतून तुहा आवाज आला. हासून राह्यला होता तू. घरात तुले हासताना कधी पाह्यलं, मले आठवत नाई."

राग आला होता तो कोणावर काढावा तेही कळेना.

"आन् माह्याच गोष्टी सांगतं," ती म्हणाली. "अर्ध्या खोट्या."

"कोणती खोटी?"

"जाऊ दे. गेलेल्या माणसाचं काऊन काढायचं." मग तिनं विचारलं, "इतके दिवस माह्या हातून चोरी झाली का रे?"

नाही म्हणालो, चारदा म्हणालो. तिला पटलं नाही. जन्मात कोणाची काडी न उचललेली बाई. त्या दिवसापासून ती एसटीतही बसेना. न जाणो, तिथलाही नियम बदलला असला तर? दिवसभर घरात बसून राहायची. मी रात्री जेवताना तिला किस्से सांगायचा प्रयत्न केला. लाज वाटते सांगायला, पण तोंडातून शब्द निघेना. भाजीत मीठ बरोबर आहे, यापलीकडे माझी गाडी जाईना. तिथं माणसं हसवणारा मी, इथं मुका!

शेवटी एका सकाळी म्हणालो, "चल."

"तिकीट?"

"तूच काढ."

खिडकीशी रांग होती. कोणी पुढे जा म्हटलं तरी ती गेली नाही. तिकीट हातात आल्यावर तिनं ते दोन्ही बाजूंनी पाहिलं, मुठीत धरलं. मी बायकांच्या दारापर्यंत सोडून आमच्या बाजूला आलो. कंपूला सगळं कळलेलं होतं. कोणीतरी मुद्दाम म्हणालं, सापाचा होऊ द्या. मीही आईला खूश करावं म्हणून नेहमीपेक्षा रंगवून सांगायला लागलो. नाग निघाला, फणा काढला, माय बंडीवर चढली...

जाळीवरच्या ओढण्या सरकल्या.

"थांब रे!" आईचा आवाज. मुठीतलं तिकीट तिनं जाळीला टेकवलं. "तिकीट काढून आली मी आज. आता खोटं ऐकणार नाई. बंडीवर तुहा बाप चढला होता! पावडं म्या हाणलं. खाली गोधडीवर तू निजून होता, वीतभर अंतरावर. तुह्या बापानं आण घातली, का कोणाले सांगजो नोको."

मग बायकांकडून पहिलं हसू आलं, मागोमाग आमचा अख्खा कंपू. कोणी टाळी वाजवली. मी तसाच उभा होतो. जन्मभर मी गाडीभर माणसांना ऐकवत आलो त्या गोष्टीत मी होतो, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

जाळीतून आई माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"काऊन रे," ती म्हणाली, "आज हासत नाईस?"