ओवी अडकली की पोतं खाली

बायकांनी तालमीची पायरी चढायची नाही, हा आमच्या गावचा नियम. म्हणून साठी उलटलेल्या माझ्या आईसाठी तालीमच घरी आली, आणि तीही पाठमोरी. तालमीचे वस्ताद ओट्यावर बसायचे ते घराकडं पाठ करून. आत माजघरात आई पदर खोचून उभी. मित्राच्या बायकोला व्यायाम करताना बघायचं कसं? म्हणून ते रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाच्या झाडाला सगळं सांगायचे, आणि आईनं ते ऐकायचं. मला हसू आवरायचं नाही.

खरं तर हसण्यासारखं काही नव्हतं. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. भाऊ फौजेत, पार सरहद्दीवर. मी सांगलीला मुलींच्या शाळेत मास्तरीण. शनिवारच्या एसटीनं औंधजवळच्या आमच्या गावी यायची आणि सोमवारी पहाटे परत. घरात दोघंच. आबा तरुणपणी पैलवान, अंगानं दांडगे. दारातून आत आले की माजघरात अंधार व्हायचा. तो माणूस आता भिंतीकडच्या बाजेवर पडून होता.

त्यांचं मागणं एकच होतं. संध्याकाळी बैल रानातनं परत येतात, तेवढं ओट्यावर बसून बघायचं. बस्स. पण मधे होता उंबरा, गुडघ्याएवढा. एकदा शेजारच्या चौघांनी त्यांना घोंगडीत घालून बाहेर नेलं. आबांनी तिथंच निक्षून सांगितलं, "चौघांनी उचलायचं त्ये एकदाच. आज न्हाई." पुन्हा कुणाला हात लावू दिला नाही. वस्ताद त्यांचे लहानपणचे जोडीदार, ते पुढं झाले, तर आबा म्हणाले, "तुला मी भर जत्रंत आस्मान दाखवलंय रं. तुझ्या हातानं उठू व्हय आता?"

"मग मी उचलते," आई म्हणाली, आणि त्याच आठवड्यात तिनं तो प्रयत्न केला. दोघंही उंबऱ्यात पडली. आबांना खरचटलं, आईच्या कंबरेत उसण भरली. शनिवारी मी आले तर दोघं दोन बाजांवर, आणि दोघंही मलाच दटावतात, काही झालं नाही म्हणून! मला असा संताप आला. म्हातारपणी कसली ही हौस, असं मी फाडफाड बोलले. आई नुसती म्हणाली, "त्यांचं बैल बघायचं ऱ्हायलंय गं."

वस्तादांनी मात्र तिला वेड्यात काढलं नाही. कडुलिंबाला म्हणाले, "आदी दवाखान्यात दावून या. डागदर व्हय म्हनला तर मी शिकवतो." मी आईला साताऱ्याला नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, कंबर दाबून बघितली, आणि उसण उतरल्यावर हळूहळू करायला हरकत नाही म्हणाले.

पहिल्या रविवारी आई अगदी तयारीत. वस्ताद म्हणाले, "वैनीला सांग, बाजेच्या काठावर बसायचं आनि हात न लावता उठायचं."

"ह्ये काय?" आई आतून म्हणाली. "जलमभर उठत-बसतच आले की मी."

"मग उठून दावा म्हनावं."

आई उठायला गेली आणि हात आपोआप गुडघ्यावर गेला. पुन्हा बसली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिचं तोंड उतरलं. किती वर्षं ती हाताच्या आधारानं उठत होती, तिचं तिलाच माहीत नव्हतं. आबा बाजेवरून बघत होते. म्हणाले, "माझ्या अंगावरनं वारं गेलं, आनि तुझ्या शेजारनं गेलं वाटतं." ती हसली, पण डोळे भरले होते.

बरेच आठवडे नुसतं उठबस. मग पोतं आलं. रिकाम्या पोत्यात दोन पायली ज्वारी, तोंड बांधलेलं. ते छातीशी कवटाळायचं, कंबर सरळ, जोर मांड्यांत. वस्ताद बजावून सांगायचे, "दम कोंडायचा न्हाई. म्हाताऱ्या मानसानं दम कोंडला की घात." आता आई दम कोंडते की नाही हे पाठमोऱ्या माणसाला कळणार कसं? त्यावर त्यांनी तोड काढली. "जात्यावरची ओवी म्हनायची. मोट्यांदा. ओवी अडकली की पोतं खाली. न अडकता म्हनता आली, की पुढल्या खेपंला पायलीभर वाढवायची."

आणि आमचं घर गाऊ लागलं. दळण गिरणीत जायला लागल्यापासून आईच्या तोंडची ओवी बंदच झाली होती. आता पोतं छातीशी धरून ती उठायची आणि लेकाची, भावाची, यमाईदेवीची ओवी म्हणायची. जड झालं की एखाद्या शब्दावर आवाज चिरकायचा. लगेच बाहेरून हाक, "ठेवा खाली!" गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. लावू देत बापड्या.

उपासावरून मात्र दोघांची जुंपायची. आई आबांसाठी सोमवार धरायची, शनिवार धरायची, एकादशी तर असायचीच. वस्ताद चिडले, "पोटात न्हाई दाना आनि उचलायचं पोतं? ह्यो जोर न्हवं, जीव द्यायचा धंदा हाय." आई हट्टाला पेटली. शेवटी तोडगा निघाला, की उपासाच्या दिवशी विसावा. "देवाचं बी झालं, सांध्यांचं बी," वस्ताद म्हणाले. मला वाटतं, आईला तो विसावा नसता तर ती उन्हाळ्यातच मोडली असती.

दिवाळीपर्यंत हात न लावता उठणं आईच्या अंगवळणी पडलं होतं. पोतं मात्र अजून आबांच्या वजनाच्या निम्मंसुद्धा नव्हतं. "अजून सा म्हैनं तरी लागत्याल," वस्ताद म्हणाले. "घाई करायची न्हाई." आईला घाई होती. थंडीच्या दिवसांत आबांचं जेवण तुटलं होतं. भाकरीचा कोर खाऊन ताट सारायचे.

एका रविवारी, उन्हं उतरताना, ती आबांच्या बाजेजवळ गेली. मी ओरडायच्या आत तिनं त्यांच्या काखेतून हात घातले, गुडघे वाकवले आणि ओवी सुरू केली. आबांनी धड पायावर जेवढा देता येईल तेवढा जोर दिला. ती उठली. माजघर ओलांडलं. उंबरा आला. पुढं आबांचा पाय, मग तिचा. ओवी चालूच होती, सरळ, गिरणीच्या पट्ट्यासारखी, कुठं खंड नाही. तिनं त्यांना ओट्यावर अलगद टेकवलं आणि म्हणाली, "बघा की वस्ताद! सा म्हैनं म्हनत हुतासा!"

वस्ताद त्या दिवशी पहिल्यांदा वळले होते. मला वाटलं शाबासकी देतील. ते आबांकडं बघत राहिले. त्याच सकाळी निम्म्या वजनाच्या पोत्याला आईची ओवी अडकली होती. ते त्यांनी ऐकलं होतं, मीही ऐकलं होतं. मी आबांकडं नीट बघितलं. सदऱ्यातून आबांचे खांदे नुसते खुंटीसारखे वर आले होते. रोज बघणाऱ्याला दिसत नाही म्हणतात. आठवड्यानं येणाऱ्या मलाही ते दिसलं नव्हतं.

"झकास, वैनी," वस्ताद म्हणाले, आणि पुन्हा रस्त्याकडं तोंड केलं.

बैल आले. आबा त्यांच्याकडं बघून लहान पोरासारखे हसले. आई चहा टाकायला आत गेली तेव्हा मला जवळ बोलावून म्हणाले, "तिला काय बोलू नगंस. वाटू दे तिला, अंगात जोर आलाय म्हनून."

पुढं रोज संध्याकाळी ती त्यांना बाहेर आणायची. "बायकू लय जोराची झाली," आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. शिमग्यापर्यंत हे चाललं. मग ते गेले, आणि चौघांनी त्यांना उचललं. दोघांनी उचललं असतं तरी भागलं असतं.

तेराव्यानंतरच्या रविवारी वस्ताद आले आणि सवयीनं पाठ करून ओट्यावर बसले. आई बाजेच्या काठावर होती, रिकाम्या बाजेच्या. पोतं कोपऱ्यात तसंच. तिची समजूत घालायची म्हणून मी म्हणाले, "तुझ्या जोरावर आबांनी बैल बघितले, आई."

"जोर कसला गं?" ती म्हणाली. "रोज पोतं उचलनारीला मानसाचं वजन कळत न्हाई व्हय? पोत्याला ओवी अडकायची. त्यास्नी उचलताना एकदा बी अडकली न्हाई. रोज हातात कमीच यायचं त्ये."

"मग बोलली का नाहीस?"

"त्ये हसायचं की गं. बायकू जोराची झाली म्हनून हसायचं. त्ये कशाला मोडू?"

ती उठली. हात लावला नाही. कोपऱ्यातल्या पोत्यापाशी जाऊन बसली आणि दोन्ही हातांनी ते जवळ ओढलं.

"अडकाय पायजे हुती गं ओवी," ती म्हणाली. "एकदा तरी अडकाय पायजे हुती."