केसाच्या मुळाशी निळे ठिपके

प्रयोगशाळेत तिला सगळे मावशी म्हणत. बावीस वर्षं तिचं काम एकच: मेणात बसवलेला मांसाचा तुकडा यंत्राच्या पात्यावर केसाहून पातळ कापायचा, काचेवर अंथरायचा आणि रंगवायचा. एखादा काप सुरकुतला तर दिवसभर तिला चैन पडत नसे.

घरी थोरल्या बहिणीच्या अंगभर गाठी होत्या. नसांवरच्या, साध्या, कॅन्सरच्या नव्हेत. "जिवाला धोका नाही, दुर्लक्ष करा," असं डॉक्टर सांगत. "दुर्लक्ष करायचं तर टक लावून बघणाऱ्यांनी करावं," असं म्हणत बहीण बिनबाह्यांचे कपडे घालूनच बाजारात जाई.

प्रयोगशाळेत शोध चालला होता तो याच गाठींचा. त्या नेमक्या कुठल्या पेशीपासून सुरू होतात? प्रयोगशाळेच्या प्रमुखांचं, सरांचं, मत ठाम होतं: खोलवरच्या जाड नसेच्या वेष्टनातल्या. उंदरांमधल्या बिघडलेल्या पेशी निळ्या दिसाव्यात, अशी सोय त्यांनी केली होती.

एका उंदराला गाठ यायची होती, त्याआधीच मावशीने त्याची कातडी कापून रंगवली. जाड नसेत निळे ठिपके तुरळक होते. दाटी होती ती केसाच्या मुळाशी, तिथल्या बारीक नसांना बिलगून.

"रंग पसरलाय. फेकून द्या ही स्लाइड," सर म्हणाले.

"पसरला असता तर सगळीकडे पसरला असता."

"मावशी, तुम्ही कापा. बघायचं काम माझं."

"न बघता कापता येत नाही, सर."

तिने स्लाइड फेकली नाही. आणखी अकरा उंदरांचे काप केले, त्यांत निरोगी उंदरांचे मिसळले, कुठला काप कुठल्या उंदराचा ते कळू नये म्हणून नंबरांवर चिकटपट्टी लावली आणि वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना ठिपके मोजायला दिले. अकरापैकी नऊ उंदरांत दाटी केसाच्या मुळाशीच निघाली. निरोगी उंदरांत एकातही नाही.

तो कागद तिने सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"माझ्यासमोर कापून दाखवा."

"दाखवते. बसा."

सर तीन तास स्टुलावर बसून राहिले. शेवटी सूक्ष्मदर्शकातून डोळा काढून म्हणाले, "माझं चुकलं." पण शोधनिबंध लिहिताना तिला बसवलं तळाशी, आभाराच्या ओळीत. तिने कागद परत केला. "आभार नकोत. नाव घाला." आठवडाभर सर धुसफुसले. मग लेखकांच्या यादीत चौथं नाव तिचं लागलं.

बहिणीने विचारलं, "म्हणजे आता या गाठी जातील?"

"नाही गं. उंदरांचं थोडं कळलंय. माणसांचं अजून बघायचंय."

"मग माझी घ्या की एक."

पुढच्या महिन्यात इस्पितळात बहिणीच्या दंडावरची गाठ काढायची होती. संमतीच्या फॉर्मवर सही करण्याआधी बहिणीने पेन मागून घेतलं आणि खाली ठळक अक्षरात एक ओळ वाढवली: जे निघेल ते मला समजेल अशा शब्दांत सांगावं. कारकून म्हणाला, "असं लिहिता येत नाही, ताई."

"लिहिलंय की," बहीण म्हणाली, आणि सही केली.